तेलकट चेहरा : पहिल्या दोन महिन्यांत काय करायचं आणि काय थांबवायचं

अकरावीत असताना माझ्या दप्तरात साबणाची एक डबी कायम असायची. डोंबिवलीहून लोकलने कॉलेजला पोचले की आधी बाथरूम गाठायची आणि तोंडाला साबण लावून खसाखसा चोळायची. घासलेल्या स्टीलच्या ताटावर बोट फिरवल्यावर येतो तसा आवाज गालावर आला की तोंड स्वच्छ झाल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या तासाला नाक पुन्हा चमकायला लागायचं. मधल्या सुट्टीत पुन्हा साबण. दिवसातून पाच-सहा वेळा हे चालायचं आणि दोन वर्षांत माझे गाल लाल, सोललेले आणि तरीही तेलकट, अशा अवस्थेला आले होते.

आज घरातल्या, शेजारच्या मुली आणि मुलगेसुद्धा मला विचारतात, “ताई, चेहऱ्याला काय लावू?” त्यांना मी आधी विचारते, “सध्या काय काय लावतोस?” ती यादी ऐकली की निम्मं उत्तर तिथेच मिळतं. त्यातलं बरंचसं बंद करायचं असतं. म्हणून हा लेख मी त्याच क्रमाने लिहिते आहे.

आधी हे समजून घ्या

आपल्या केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. त्या सीबम नावाचं तेल तयार करतात आणि ते केसाच्या छिद्रातून वर येतं. चेहऱ्यावर आणि डोक्यावर या ग्रंथी सगळ्यात दाट असतात, एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण ४०० ते ९००. तळहात आणि तळपायांवर त्या नसतातच. ग्रंथी किती मोठ्या आणि किती तेल सोडणार, हे मुख्यतः अँड्रोजेन गटातल्या हार्मोन्सवर आणि आईवडिलांकडून आलेल्या ठेवणीवर ठरतं. म्हणूनच वयात येताना चेहरा एकाएकी तेलकट होतो आणि म्हणूनच एकाच घरात एका भावाचा चेहरा कोरडा, तर दुसऱ्याचा तेलकट असतो.

हे तेल म्हणजे मळ नाही. नाकावरच्या ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा धुळीचा नसतो. छिद्रात अडकलेल्या तेलाचा आणि मृत पेशींचा हवेशी संबंध आला की तो गोळा काळा पडतो, त्यात त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही असतं. “तोंड नीट धूत जा जरा” असं वर्षानुवर्षं ऐकत आलेल्या सगळ्यांनी हे दोनदा वाचावं. तुमच्या स्वच्छतेत काही कमी नाही.

ग्रंथी कायमच्या बंद करणारं फेसवॉश अस्तित्वात नाही. आपल्या हातात एवढंच आहे की वर आलेलं जास्तीचं तेल हळुवार काढायचं, छिद्रं तुंबू द्यायची नाहीत आणि त्वचेचं वरचं आवरण शाबूत ठेवायचं. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. मीही विसरले होते.

पायरी पहिली : चेहरा खरंच तेलकट आहे का, ते बघा

घाम आणि तेल यांत गल्लत होते. मुंबईत, कोकणात, गोव्यात मे महिन्यात कुणाचाही चेहरा चिकट होतो. घामाच्या ग्रंथी वेगळ्या, तेलाच्या वेगळ्या.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टिपून घ्या आणि काहीही न लावता पंख्याखाली तासभर बसा. मग पातळ टिश्यू पेपरचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर दाबून उजेडात धरा. वडापावचा कागद तेलाने कसा आरपार दिसायला लागतो, तसे सगळे तुकडे झाले तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवरचे झाले आणि गालांवरचे कोरडे राहिले तर त्वचा मिश्र. बहुतेक जण या दुसऱ्या गटात असतात आणि उगाच गालांनाही नाकाची शिक्षा देत असतात.

आणखी एक शक्यता आहे. चेहरा तेलाने चमकतो आहे, पण हसताना गाल ओढल्यासारखे वाटतात, पाणी लागलं तरी चरचरतं, नाकाच्या कडेला पापुद्रे निघतात. तेल आहे, पण पाणी टिकत नाही अशी ही त्वचा. जास्त घासल्याने बहुधा हेच होतं.

पायरी दुसरी : आठ दिवस फक्त थांबा

नवीन काही आणायच्या आधी हे बंद करा. लिंबू चेहऱ्यावर चोळणं, कारण त्याचा रस त्वचेच्या मानाने फारच आम्ल असतो आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर चट्टे उठू शकतात, काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. खाण्याचा सोडा. पुळीवर टूथपेस्ट. अक्रोडाच्या सालीचे, खरखरीत दाण्यांचे स्क्रब. अंगाचा साबण. दाढीनंतर चेहऱ्यावर थापलेलं, आग करणारं आफ्टरशेव्ह. आणि आरशासमोर उभं राहून नखाने पुळ्या फोडणं. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर फोडलेल्या पुळीमागे काळा डाग राहतोच, आणि पुळी चार दिवसांची तर डाग चार महिन्यांचा.

एका गोष्टीवर मात्र मला थांबून बोलायचं आहे.

मावसबहिणीच्या लग्नाला तीन आठवडे होते. माझ्या हनुवटीवर पुळ्या आल्या होत्या. मेडिकलमधल्या माणसाने काउंटरखालून एक लहानशी ट्यूब काढली आणि म्हणाला, “हे लावा, सगळ्या मुली हेच नेतात, उजळपण येईल.” पाचव्या दिवशी चेहरा गुळगुळीत झाला. लग्नात सगळ्यांनी विचारलं, काय लावतेस. मी आणखी दोन ट्यूब आणल्या. तीन महिन्यांनी ती लावायचं थांबवलं आणि तिसऱ्या दिवशी चेहरा भाजल्यासारखा लाल झाला. गॅसजवळ उभं राहवेना. दिवा लावायला देवघरात गेले तरी निरांजनाची धग सहन व्हायची नाही. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या आणि आधी हनुवटीपुरत्या असलेल्या पुळ्या कानापर्यंत गेल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब बघितली, तिच्यावरची बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचायला लावली. त्यात स्टिरॉइड होतं. चेहरा ताळ्यावर यायला मला आठ महिने लागले.

म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यांतलं एकही नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. इसबासारख्या आजारांवर ही औषधं उत्तम काम करतात, डॉक्टर ती ठरावीक दिवसांसाठी देतात. पुळ्यांवर किंवा उजळपणासाठी ती रोज लावायची नसतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय त्यांची मलमं विकणं नियमात बसत नाही. तरीही ती मिळतात. तुम्ही अशी ट्यूब काही आठवडे किंवा महिने लावत असाल तर ती एकदम टाकून देऊ नका. आधी डॉक्टरांकडे जा, ती कशी कमी करायची ते त्यांना ठरवू द्या.

पायरी तिसरी : तोंड धुणं

दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री. खेळून, जिममधून किंवा उन्हातून घामाघूम होऊन आलात तर तिसऱ्यांदा, तेही नुसत्या पाण्याने चालतं.

आपल्या त्वचेचा पीएच साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. दर वेळी साबण लावला की हा तोल बिघडतो आणि वरचं आवरण कमकुवत होतं. म्हणून चेहऱ्यासाठी सौम्य जेल फेसवॉश किंवा सिंडेट बार घ्या, म्हणजे दिसायला वडीसारखी पण साबण नसलेली. तेल जास्त आणि ब्लॅकहेड्सही असतील तर सॅलिसिलिक ॲसिड असलेलं फेसवॉश घ्या. हे आम्ल तेलात विरघळतं, त्यामुळे तेलाने भरलेल्या छिद्राच्या आत जाऊ शकतं. फेसवॉश महागाचं असायची गरज नाही, ते अर्ध्या-एका मिनिटात पाण्याबरोबर वाहून जाणार आहे. पैसे वाचवा, सनस्क्रीनला लागतील.

धुण्याची रीत अशी. आधी हात धुवा. साधं किंवा जेमतेम कोमट पाणी घ्या. आंघोळीचं कडकडीत पाणी तोंडावर ओतू नका. वाटाण्यापेक्षा जरा जास्त फेसवॉश तळहातावर फेसाळून घ्या. बोटांच्या पेरांनी गोल गोल फिरवत कपाळापासून सुरू करा, नाकाच्या कडा, हनुवटीची खोबण, जबड्याची रेघ, केसांच्या कडेची जागा. तीस-चाळीस सेकंद पुरे. घासणी, लुफा काही नको. भरपूर पाण्याने धुवा आणि मऊ पंचाने टिपा, पुसू नका. चेहऱ्याचा पंचा वेगळा ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी धुवा.

धुतल्यावर गाल ओढल्यासारखे वाटत असतील तर फेसवॉश तुम्हाला तीव्र पडतंय. ते बदला किंवा सकाळी नुसतं पाणी वापरा.

बोअरवेलचं जड पाणी असेल तर साबणाचा फेसच येत नाही आणि त्याचा थर त्वचेवर बसतो. मराठवाड्यात आणि शहरांबाहेरच्या नव्या सोसायट्यांत ही तक्रार सर्रास ऐकू येते. अशा ठिकाणी सिंडेट जास्त सोयीचं, जड पाण्यातही त्याचा चोथा होत नाही.

पायरी चौथी : मॉइश्चरायझर, तेलकट असलात तरी

इथे सगळे मान हलवतात. “आधीच तेल, त्यात आणखी?” मॉइश्चरायझरचं काम पाणी धरून ठेवायचं असतं. तुम्ही फेसवॉश आणि औषधं वापरणार, त्याने थोडा कोरडेपणा येणारच, आणि त्वचा चरचरायला लागली की लोक औषध सोडून देतात. पातळ जेल किंवा पाण्यासारखं लोशन घ्या, ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक ॲसिड असलेलं. डब्यावर ‘नॉन-कोमेडोजेनिक’ लिहिलेलं असेल तर बरं, म्हणजे छिद्रं तुंबवणार नाही असा कंपनीचा दावा. तोंड थोडं ओलसर असतानाच वाटाण्याएवढं लावा. कोल्ड क्रीम, लोणी, साय, खोबरेल तेल चेहऱ्यावर नको.

पायरी पाचवी : सनस्क्रीन

पुळ्यांचे डाग जावेत म्हणून लोक हजारो रुपये घालवतात आणि सनस्क्रीन लावत नाहीत. उन्हाने डाग गडद होतात, त्याला सनस्क्रीनशिवाय इलाज नाही. एसपीएफ ३० किंवा ५० घ्या. ३० साधारण ९७ टक्के आणि ५० साधारण ९८ टक्के यूव्हीबी किरणं अडवतं, त्यामुळे आकड्याच्या मागे न लागता पुरेसं लावणं महत्त्वाचं. सोबत पीए+++ किंवा त्याहून जास्त बघा, ते यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या किरणांपासूनचं संरक्षण दाखवतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर लांबच लांब रेघ ओढा, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. बहुतेक जण याच्या निम्मंसुद्धा लावत नाहीत.

तेलकट त्वचेला जेल किंवा मॅट प्रकार मानवतो. झिंक ऑक्साइडवाल्या काही क्रीमनी गव्हाळ रंगावर पांढुरकी छटा दिसते, दुकानात जबड्याच्या कडेला लावून बघा. उन्हात फिरणार असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. पावसाळ्यात ढग आले म्हणून सोडू नका, ढगांतूनही किरणं येतात.

पायरी सहावी : औषधी घटक, एका वेळी एकच

वरच्या तीन गोष्टी, धुणं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, दोन आठवडे नेमाने करा. काहींना एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. त्यानंतर गरज असेल तर पुढचं.

नुसता तेलकटपणा आणि मोठी दिसणारी छिद्रं असतील तर २ ते ५ टक्के नायसिनामाइड. दहा टक्क्यांच्या बाटल्या खूप विकल्या जातात, पण जास्त टक्के म्हणजे जास्त गुण असं नसतं, आग मात्र जास्त होऊ शकते. ब्लॅकहेड्स आणि बारीक पुरळ असेल तर सॅलिसिलिक ॲसिड २ टक्क्यांपर्यंत, आठवड्यातून दोन-तीन रात्री. फेसवॉशमध्येच सॅलिसिलिक असेल तर आधी तेवढंच पुरे.

लाल, सुजलेल्या पुळ्यांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड. अडीच टक्क्यांचं घ्या. पाच आणि दहा टक्क्यांइतकाच गुण येतो आणि सोलवटणं कमी. पातळ थर द्यायचा. याने कपड्याचा रंग उडतो, हे विसरू नका. माझ्या निळ्या अभ्र्यावर गालाच्या जागी नारिंगी-पांढरा चंद्र कायमचा उमटला आहे. तेव्हापासून मी पांढरेच अभ्रे वापरते.

अडॅपॅलीनसारखी रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए गटातली) जेल डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. छिद्रं तुंबणं ती मुळात रोखतात. पण पहिले काही आठवडे पुळ्या वाढल्यासारख्या वाटू शकतात, त्वचा कोरडी पडते, आणि गरोदरपणात किंवा दिवस राहण्याची शक्यता असताना ती वापरायची नसतात. अशा वेळी डॉक्टर बहुधा ॲझेलाइक ॲसिड सुचवतात.

कुठलीही नवी वस्तू आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला तीन रात्री लावून बघा. काही झालं नाही तर चेहऱ्यावर. दोन नव्या वस्तू एकत्र सुरू केल्या आणि पुरळ आलं, तर दोष कुणाचा हे कळणार नाही. आणि वेळ द्या. सहा ते आठ आठवडे, रेटिनॉइडला बारा. आठव्या दिवशी ट्यूब बदलणाऱ्यांचा चेहरा कधीच शांत होत नाही. रविवारी सकाळी, त्याच खिडकीपाशी एक फोटो काढून ठेवा, रोजच्या आरशात न दिसणारा फरक त्यात दिसतो.

केसांचं तेल, हेल्मेट, अभ्रा

कपाळावर केसांच्या कडेनेच बारीक पुरळ येत असेल तर आधी केसांच्या तेलाकडे बघा. रात्रभर डोक्याला खोबरेल चोपडून झोपलं की ते कपाळावर आणि उशीवर उतरतं. आजीचा हात डोक्यावरून फिरण्याचं सुख मला कुणाला नाकारायचं नाही. फक्त धुण्याआधी तास-दोन तास लावा, केस वर बांधा, आणि आधी केस धुऊन शेवटी तोंड धुवा, म्हणजे तेल आणि कंडिशनर दोन्ही चेहऱ्यावरून निघतील.

भुवया, नाकाच्या कडा, दाढीत पिवळट पापुद्रे आणि डोक्यात कोंडा एकत्र असेल तर तो सेबोऱ्हिक डर्माटायटिस असू शकतो. त्याला कीटोकोनाझोलसारखी बुरशीविरोधी औषधं लागतात, पुळ्यांचं क्रीम नाही.

अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. हेल्मेटचं आतलं अस्तर धुवा. दिवसभरात चेहरा चमकला तर ब्लॉटिंग पेपर किंवा साधा टिश्यू दाबून तेल टिपा. पदराने, रुमालाने, ओढणीने घासू नका.

मुलतानी माती, बेसन आणि उटणं

मुलतानी माती तेल खरंच शोषते. आठवड्यातून एकदा, पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवून, फक्त तेलकट भागावर लावा आणि पूर्ण वाळून तडकायच्या आत, ओलसर असतानाच धुवा. चेहरा ताणून भेगा पडेपर्यंत बसलात तर तीच कोरडी आग पुन्हा. बेसन-हळद चोळून काढण्यात घर्षण फार होतं, पुळ्या असताना नकोच. दिवाळीचं उटणं अंगाला खुशाल लावा, चेहऱ्यावर हलक्या हाताने.

खाणं

भजी खाल्ली म्हणून तेच तेल नाकावर येत नाही. साखर, मैदा, गोड पेयं असे रक्तातली साखर झटकन वाढवणारे पदार्थ, आणि काहींच्या बाबतीत दूध, विशेषतः साय काढलेलं, यांचा पुळ्यांशी संबंध दिसलेला आहे. जिमला जाणाऱ्या मुलांनी व्हे प्रोटीन सुरू केल्यावर पाठीवर-जबड्यावर पुळ्या आल्या का, हे आठवून बघावं. भाकरी-भाजी-आमटी खाणाऱ्याने जेवणात फार उलथापालथ करायची गरज नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, पुळ्यांमागे खड्डे पडायला लागले असतील, किंवा तीन महिने नीट करूनही फरक नसेल तर थांबू नका. खड्डे पडल्यावर ते भरणं पुळ्या रोखण्यापेक्षा कितीतरी अवघड आणि खर्चिक आहे. मुलींमध्ये पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि जबड्याच्या कडेने हट्टी पुळ्या असं एकत्र असेल तर पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी करून घ्यावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या ग्रंथींचं तेलच कमी करतात आणि गंभीर पुळ्यांवर त्यांचा मोठा आधार आहे, पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. गरोदरपणात त्यांनी बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या कधीही घेऊ नका.

शहरात एमडी किंवा डीव्हीडी (त्वचारोगातली पदविका) झालेले त्वचारोगतज्ज्ञ मिळतात. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचा विभाग असतो, तिथे केसपेपर मोफत किंवा थोडक्या पैशांत निघतो. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या, संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. पार्लरमधून आणलेली बिननावाची डबी आणि ज्याबद्दल सांगायला संकोच वाटतो ती उजळपणाची ट्यूबही त्यात असू द्या. मी माझी ट्यूब पहिल्या भेटीत लपवली होती, दुसऱ्या भेटीत दाखवली, आणि माझं खरं औषध त्या दुसऱ्या भेटीपासून सुरू झालं.